शांतपणे ऐकून घेते

सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापणीला, आलं की मला भीती वाटू लागते. ज्यांचं शेत आहे त्यांना या दिवसांत परतीच्या पावसाची भीती असते, सोंगलेल्या पिकाची सुडी रचल्यावर कुणी काडी लावेल याची असते, पेंढी उचलताना खाली काय वेटोळं करून बसलं असेल याची असते. माझं शेत नाही. वाशीममध्ये दोन खोल्या आहेत आणि शेलूबाजारच्या अलीकडे एका फाट्यावरच्या शाळेत नोकरी आहे. तरी रान पिवळं पडलं, पानं गळून नुसत्या शेंगा उभ्या राहिल्या आणि वाऱ्यानं खुळखुळायला लागल्या की मला तो आवाज नको होतो. सकाळच्या एसटीत मी खिडकीशी बसते आणि बाहेर बघायला नको म्हणून वह्या तपासत जाते.

या वर्षीही दसऱ्याच्या आधी कागदांचा गठ्ठा आला. किशोरवयीन मुलामुलींची जीवनकौशल्यं आणि मूल्यं तपासायची चाचणी, आठवी-नववीसाठी. चाळीस विधानं, प्रत्येकापुढे चार चौकोन: नेहमी, बरेचदा, कधी कधी, कधीच नाही. खाली एक रेघ, उदाहरण लिहायला. नेहमीला चार गुण, कधीच नाहीला एक. पायलीनं ज्वारी मोजावी तशी मूल्यं मोजायची आणि बेरीज वर कळवायची. मी गठ्ठा सोडला आणि आधी सतरावं विधान शोधलं. ते होतं तिथंच होतं. एका अक्षराचाही फरक नव्हता. मी गठ्ठा पुन्हा बांधून कपाटात ठेवला आणि घोटभर पाणी प्यायले.

ही चाचणी पहिल्यांदा आली त्याला चार वर्षं झाली. तेव्हा वाशीमला आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. चहा, बिस्किटं, पंख्याखालच्या खुर्चीसाठी मास्तरांची धावपळ. शिकवायला आलेले गृहस्थ सज्जन होते आणि दर दहा मिनिटांनी 'स्थानिक संदर्भ' म्हणत होते. मुलांना समजेल असं करून घ्या, तुमच्या गावातली उदाहरणं घाला, असं त्यांनी चार-चारदा सांगितलं. कागदावर एक प्रसंग होता: तुम्ही लिफ्टमध्ये आहात आणि एक अनोळखी माणूस त्रास देऊ लागला, तर काय कराल? आम्ही सगळे हसलो. आमच्या मुलांनी लिफ्ट कुठे पाहिली? आम्ही 'लिफ्ट' खोडून 'एसटी' लिहिलं आणि स्थानिक संदर्भ झाला म्हणून खूश झालो. मुलांनीही छान उत्तरं लिहिली. कंडक्टरला सांगेन. बेल मारेन. मोठ्यानं ओरडेन.

त्या वेळी आमच्या फाट्यावरून आत एसटी जातच नव्हती. आत चार किलोमीटरवर एक वस्ती आहे, तिथल्या सात मुली जीपनं यायच्या. जीपमध्ये कंडक्टर नसतो, बेल नसते. आणि जीपवाला अनोळखी नव्हता. वस्तीतल्या बायांचं बाळंतपण अडलं की हाच माणूस गाडी काढायचा, कुणाला साप चावला तर हाच मंगरूळपीरला न्यायचा. लहानथोर त्याला भाऊ म्हणायचे. वस्ती त्याच्या उपकाराखाली होती आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ही सगळी माहिती मलाही होती. तरी लिफ्ट खोडताना 'जीप' हा शब्द माझ्या डोक्यात आला नाही.

सोंगणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असतो. आईबाप गुत्त्यानं, एकरी ठरवून, दुसऱ्याचं सोयाबीन सोंगायला जातात, मोठी पोरं त्यांच्या हाताशी, लहान पोरं घरच्या तान्ह्यांना सांभाळायला. चाचणीला शंभर टक्के हजेरी हवी होती. म्हणून मी कागद घेऊन शेतात गेले होते. अजून आठवतं. ऑक्टोबरचं डोक्यात जाणारं ऊन, मळणीयंत्राचा आवाज, कुटाराची, शेंगांच्या भुशाची, धूळ नाकातोंडात, घामावर चिकटून खाजणारी. सुडीच्या सावलीत मी पोरांना ओळीनं बसवलं. शेंगांची टोकं टोचून बोटं सोलली होती, त्यामुळे पेन धरताना कुणी कुणी ओठ चावत होतं. त्यात आचल होती. आठवीतली, सडपातळ, दोन वेण्या वर बांधलेल्या. वर्गात ती अशी बसायची की हजेरी घेताना तिचं नाव आलं की मला दर वेळी शोधावं लागायचं. दोन एकर शेत, आईबाप दोघंही सोंगणीला. ती सगळ्यांत आधी लिहून उठली आणि इळा घेऊन पुन्हा आईच्या ओळीत जाऊन बसली.

गुण मोजले तेव्हा आचल शाळेत पहिली आली होती. परिस्थितीशी जुळवून घेते: नेहमी. राग आला तरी बोलत नाही: नेहमी. मोठ्यांचा मान राखते: नेहमी. मला आनंदच झाला. गप्प राहणाऱ्या पोरी कुठल्याच यादीत वर येत नाहीत, ही आली. मोठ्या सरांना, आमच्या मुख्याध्यापकांनाही, मी कौतुकानं सांगितलं. शिवाय नियम असा होता की कमी गुणांच्या मुलांसाठी पुढे समुपदेशनाचा वर्ग घ्यायचा. आचलला त्याची गरज नव्हती, म्हणून तिचं नाव मी त्या यादीतून बाजूला काढलं. हे मी स्वतःच्या हातानं केलं.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत सगळी माहिती संगणकात भरताना मी उदाहरणांच्या रेघा पहिल्यांदा वाचल्या. आधी नुसते चौकोन बघून गुण दिले होते. सतरावं विधान होतं: 'समोरची व्यक्ती बोलत असताना मी शांतपणे ऐकून घेते.' लिहिणाऱ्याला त्यातून दुसऱ्याचं म्हणणं समजून घेण्याचं कौशल्य मोजायचं होतं. पोरांनी लिहिलं होतं, आजीचं, सरांचं, मैत्रिणीचं. आचलनं 'नेहमी'वर बरोबरची खूण केली होती आणि रेघेवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'जीपवाल्याचं.'

मी ती रेघ पुन्हा वाचली. ऐकून घेणं म्हणजे आपल्याकडे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सासूचं ऐकून घ्यावं लागतं, मालकाचं ऐकून घ्यावं लागतं. आमच्या नात्यात सून पसंत करताना 'ऐकून घेणारी आहे' ही मोठी शिफारस समजतात. माझ्याही लग्नाच्या वेळी मामानं ती केली होती आणि मी पडद्याआड उभी राहून लाजले होते. पुण्यामुंबईच्या कुणी साहेबानं तो शब्द चांगल्या अर्थानं लिहिला. तेरा वर्षांच्या पोरीनं तो जसा जगला तसा वाचला. आणि मी तिला चार गुण दिले.

मी तिला नळापाशी बोलावलं. बाकीची पोरं डबे धूत होती. मी आवाज साधा ठेवून विचारलं, जीपवाल्याचं काय ऐकून घेतेस? तिनं डब्याचं झाकण उलटसुलट केलं.

"तो बोलते काईबाई. मी समोर बसतो न त्याच्यापाशी. मी आयकून घेतो."

काहून समोर बसतेस, असं विचारलं तर म्हणाली, तोच बसवतो. हात लावतो का, हेही मी विचारलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं. मग थोडं थांबून म्हणाली, अजून नाही. घरी सांगितलंस का, एवढंच मी पुढे विचारू शकले.

"घरी सांगतलं त शाळाच बंद होईन न, मॅडम."

ती बरोबर बोलत होती, म्हणून मला जास्त भीती वाटली. बापाला कळलं की आधी हिची शाळा बंद, मग वस्तीतल्या बाकी सहा जणींची, आणि नंतर 'कुठल्या पोरीचं काय झालं' अशी कुजबुज. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या गावांना शिकवावं लागत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. मी तिला म्हणाले की मी काहीतरी करते. ती 'हो' म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

माझी स्वतःची मुलगी आता आठवीत आहे. वाशीममध्ये ऑटोनं शाळेत जाते. संध्याकाळी ती आली की मी तिला विचारते, ऑटोत कोण कोण होतं, तू कुठे बसली होतीस, ऑटोवाले काका काय बोलले. ती वैतागते. म्हणते, आई, तू रोज काय पोलिसासारखी विचारतेस. मी हसते आणि भाजी निवडायला घेते, पण तिच्या बोलण्यात एखादा शब्द अडखळतोय का याकडे माझं पूर्ण लक्ष असतं. नवरा म्हणतो, तुला सवय लागलीये. खरं आहे. सोंगणीच्या दिवसांत ही सवय जास्तच वाढते.

चार वर्षांपूर्वी, आचल नळापाशी बोलली त्यानंतर, मी ठरवलं की आधी स्वतः बघायचं. गृहभेट आहे असं मोठ्या सरांना सांगून पाच वाजता मी जीपपाशी गेले. जीपवाल्यानं हसून स्वागत केलं. आचल सवयीनं समोर चढली. मी तिच्या शेजारी बसणार तोच तो म्हणाला, मॅडम, तुम्ही मागं आरामात बसा, समोर इंजिन तापते. आणि मी मागं जाऊन बसले. का बसले? मी त्याच्याहून वयानं मोठी, सरकारी नोकर, त्याच कामासाठी आलेली. त्यानं सांगितलं आणि माझे पाय वळले.

रस्ता कच्चा होता. दोन्ही बाजूंना सोंगलेलं रान, मध्ये तुरीच्या हिरव्या ओळी, ताडपत्री झाकलेल्या सुड्या. माणसं शेतातून घरी निघालेली, त्यामुळे नाल्यापुढे कुणी दिसत नव्हतं. मोबाइलवर रेंज नव्हती. नाला ओलांडल्यावर तो आचलशी बोलायला लागला. काय बोलला ते मी इथं लिहिणार नाही. एकेक शब्द घेतला तर त्यात शिवी नव्हती, कुणी विचारलं तर 'गंमत केली' म्हणून हात झटकता येतील असं सगळं. पोर वयात येण्याबद्दल होतं. मागं बसलेल्या सहा पोरी खिडकीबाहेर बघत होत्या. सगळ्या एकदमच तिकडे वळल्या, म्हणजे रोजचंच होतं. आचलच्या वेण्या मला मागून दिसत होत्या. त्या अजिबात हलत नव्हत्या.

बोल, मी स्वतःला म्हणत होते. चाळीस विधानं तुला पाठ आहेत, ठाम नकार कसा द्यायचा हे तू फळ्यावर लिहून शिकवलंस, बोल. पण त्यानं गाडी इथंच थांबवली तर? उद्या वस्तीत काहीतरी भलतंच सांगितलं तर? माझं नाव घेऊन काही उठवलं तर? आणि तेवढ्यात तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला की आज मॅडम आल्या, गाडीले शोभा आली. मी हसले. बारीक, पाहुण्यांपुढे हसतो तसं. ते हसू मला आजही आठवतं.

वस्तीत उतरल्यावर आचल माझ्यासोबत घराकडे चालत होती. दप्तराचा बंद तिनं दोन्ही हातांनी धरला होता. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "मॅडम, तुमीबी आयकूनच घेता न." टोमणा नव्हता त्यात. उलट माझी समजूत घालावी तसा आवाज होता.

तिची आई नुकतीच शेतातून आली होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, केसांत कुटार. तिनं मला बाजेवर बसवलं, चहा ठेवला. मी सांगायचं ठरवूनच आले होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. तुमची मुलगी शाळेत पहिली आली, असं मी म्हणाले. माउलीचा चेहरा उजळला.

"कायच्यात आली जी?"

जीवनकौशल्यात, मी म्हणाले. म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी चहाचा घोट घेतला आणि चहा छान झालाय म्हणाले. तिनं तेवढ्यावर भागवून घेतलं आणि लेकीकडे बघत म्हणाली की गरीब आहे लेकरू, सगळ्यांचं ऐकून घेते. आचल चुलीपाशी बसून काटक्या मोडत होती.

परत जीपनं जायची माझी छाती झाली नाही. मला गाडी लागते असं खोटं सांगितलं. तिच्या बापानं मोटरसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत ते गृहस्थ सांगत होते की जीपवाला भाऊ आहे म्हणून पोरी शिकून राह्यल्या, नाहीतर कुठची शाळा. मी दोनदा तोंड उघडलं. वाऱ्याचा आवाज होता, तोच बहाणा पुरला.

मग चार दिवस गेले. मी रोज म्हणायची, उद्या मोठ्या सरांना सांगते. सांगितलं तर ते बापाला बोलावतील, बाप शाळा बंद करेल, हा हिशेब मी इतक्यांदा मांडला की तो मला शहाणपणाचा वाटू लागला. दरम्यान संगणकावरची माहिती पक्की करायची होती. मी सतराव्या विधानापुढचे आचलचे चार गुण पुसले आणि एक लिहिला. मग लक्षात आलं की गुण मी तिचे कापतेय. पुन्हा चार लिहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारीला पहिला नंबर देऊन मी संगणक बंद केला. संध्याकाळी पाच वाजता फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला की मी वर्गातच थांबायची. गाडी निघून गेली की बाहेर यायची.

सोमवारी प्रार्थना संपली तरी जीप आली नाही. साडेदहा झाले, अकरा झाले. मी फाटकापाशी उभी होते. गाडी नाल्यात गेली असेल इथपासून काय काय मनात आलं ते सांगण्यासारखं नाही. सव्वाअकराला वस्तीच्या रस्त्यावर धूळ दिसली आणि तिच्यातून सातही जणी चालत येताना दिसल्या. पोटऱ्यांपर्यंत मातीनं माखलेल्या. आचल सगळ्यांत पुढे होती आणि तिनं सहावीतल्या एका लहानगीचा हात धरला होता.

मोठे सर व्हरांड्यातच होते. ते पोरींवर सुरू झाले. ही काय शाळेत यायची वेळ झाली, सोयाबीन सोंगून आल्या काय, उद्यापासून बापाला घेऊन या. एरवी अशा वेळी पोरी खाली माना घालतात आणि सर दमले की वर्गात जातात. आचल तिथंच उभी राहिली. लहानगीचा हात तिनं सोडला नव्हता.

"सर, पयले माहं आयकून घ्या."

हा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. सर मध्येच थांबले. त्यांनाही कुणी असं म्हटलं नसावं. ते खुर्चीवर बसले आणि 'बोल' म्हणाले.

तिनं सांगितलं. कधीपासून, कुठल्या सीटवर, काय काय. सकाळी नाल्यापाशी जीपवाला तिला म्हणाला होता की तू आता मागं जा, आता ही लहानी समोर बसेल. तेव्हा तिनं गाडी थांबवायला लावली आणि लहानगीला घेऊन उतरली. तिच्यामागून बाकीच्याही उतरल्या. गाडी निघून गेली, त्या चालत आल्या. हे सगळं तिनं गणिताचं उत्तर सांगावं तसं क्रमानं सांगितलं. रडली नाही. बापाला कळेल, शाळा सुटेल, हे तिला त्या क्षणीही ठाऊक होतं, कारण सांगताना ती मधूनच वर्गाच्या दाराकडे बघत होती.

सरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी हळू आवाजात विचारलं, एवढे दिवस कुणाले सांगितलं काहून नाही?

"मॅडमले सांगतलं व्हतं," आचल म्हणाली. "त्या गाडीत बसल्याबी व्हत्या एक दिवस."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं. सर माझ्याकडे वळले. सातही पोरी वळल्या. मी तुम्हाला सांगणारच होते, पोरीची शाळा बुडू नये म्हणून थांबले होते, आधी खात्री करून घेत होते, अशी सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी तयार होती आणि त्यातलं एकही अगदी खोटं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "मी गाडीत होते. मी ऐकून घेतलं."